चमचा आला, नियम राहिला

माझं एक ठाम मत आहे. ते मी कोसबाडच्या टेकडीवर, घोलवड स्टेशनच्या बाकावर आणि डहाणूच्या मासळी बाजारात, म्हणजे ऐकणारा चटकन पळून जाऊ शकत नाही अशा सगळ्या ठिकाणी मांडून झालेलं आहे. आता लेखात मांडतो. मत असं की, मासेमारीच्या महागड्या सामानाने मासा सापडत नाही, माणूस सापडतो. आणि हे मी ऐकीव सांगत नाही. मी स्वतः सापडलेलो आहे.

तीस वर्षं बँकेत दुसऱ्यांचे पैसे मोजल्यावर मी दादर सोडलं आणि कोसबाडला आलो. चार चिकूची झाडं, एक ओटा आणि समोर उतरत गेलेली भातखाचरं एवढा माझा संसार. निवृत्त माणसाला छंद हवा असं सगळे म्हणतात. मी गळ टाकायला लागलो. आमच्या सौ.च्या मते हा छंद नव्हे, बसून राहण्याला दिलेलं सभ्य नाव आहे. पण ते एक असो.

ही बातमी टोरांटोच्या भाच्याला कळली आणि घात झाला. भाचा तिकडच्या ओंटारिओ सरोवरात सॅमन आणि ट्राउट पकडतो. सरोवर म्हणजे आपल्याला पवईचा तलाव आठवतो. हे सरोवर किनाऱ्यावर उभं राहिलं तर पलीकडचा काठ दिसत नाही एवढं. अशा पाण्यात काठावर बसून गळ टाकणं म्हणजे अरबी समुद्रात चमच्याने साखर ढवळण्यासारखं. म्हणून ते लोक ट्रोलिंग करतात. हल्ली ट्रोलिंग म्हणजे मोबाइलवर अनोळखी माणसाला शिव्या देणं असा समज आहे. मूळ अर्थ सभ्य आहे : होडी संथ चालवायची आणि मागे दोऱ्या सोडून आमिषं ओढत न्यायची. मासा आपल्याकडे येत नाही, तर आपण माशाच्या दारावरून वरात काढायची.

भाचा डिसेंबरात आला तो ही वरात बॅगेत भरूनच. पूर्वी परदेशातून येणारा माणूस बदाम आणि साबण आणायचा. याने शिशाचा गोळा आणला. चांगला साडेचार किलोचा!

"मामा, हा डाउनरिगरचा गोळा," तो म्हणाला.

"विमानात याचं काय केलंस?"

"बॅगेत होता. कस्टमवाले दहा मिनिटं त्याच्याकडे बघत होते."

मग त्याने सगळं समजावून सांगितलं. उन्हाळ्यात खोल सरोवराचं पाणी थरांनी बसतं. वर ऊन पाणी, खाली गार पाणी. सॅमनला साधारण बारा अंशांचा गारवा आवडतो, म्हणून तो वर न येता त्या थरात फिरतो. दोरी नुसती सोडली तर होडीच्या ओढीने ती वर तरंगते. म्हणून हा गोळा पोलादी तारेने खाली सोडायचा, त्याला चिमट्याने आपली दोरी अडकवायची आणि आमिष बरोबर त्या थरात न्यायचं. मासा लागला की चिमटा सुटतो, गोळा बाजूला राहतो आणि मासा आपल्या दोरीवर येतो. शिवाय पाण्याच्या पोटातलं दाखवणारा एक छोटा पडदा, चकाकून माशाला भुलवणारी एक पट्टी आणि आमिष म्हणून चमचा.

"चमचा?" सौ. स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिला वाटलं, सेटमधला एक हरवलाय तो सापडला.

पण खरोखरच त्याला चमचाच म्हणतात. दांडा नसलेला, चकचकीत पत्र्याचा. पाण्यात डुलत गेला की घाबरून पळणाऱ्या बारक्या माशासारखा दिसतो. चमचे वापरून मोठे मासे गळाला लावण्याची विद्या आपल्या राजकारणात किती जुनी आहे, हे मी भाच्याला सांगितलं. तो तिकडे बारा वर्षं राहिल्यामुळे हसला नाही.

"पण सॅमन म्हणजे आपला रावसच ना?" सौ.ने विचारलं. रावसाला इंग्रजीत इंडियन सॅमन म्हणतात, पण ते नुसतं आडनाव. दोघांचं सोयरसुतक काही नाही. आणि ट्राउट तर आपल्या इकडे यायचाच नाही. साहेबाने विलायतेतून अंडी आणवून १९०० च्या सुमारास तो काश्मीरच्या ओढ्यांत वाढवला, कारण त्याला थंड, खळाळतं पाणी लागतं. डहाणूत तो मे महिन्यात वाफवूनच मिळाला असता.

एवढं सगळं कळूनही, वाचकहो, मार्च महिन्यात मी ते सामान घेऊन कुर्झे धरणावर गेलो. माणूस सापडतो म्हणतात तो असा.

कुर्झे धरण दापचरीजवळ, वरोळी नदीवर आहे. रीतसर परवानगी घेतली, होडी घेतली, वल्हवायला एक तरुण मिळाला. तो सामानाकडे बघून आधी गप्प राहिला. मग म्हणाला, "काका, विहीर खणायची हाय का?"

भाच्याने एक कागद लिहून दिला होता. पहिली ओळ : बारा अंशांचा थर शोधा. मी दोरीला थर्मामीटर बांधून खाली सोडलं. वर सत्तावीस, खाली पंचवीस, आणि त्याच्याही खाली चिखल. बारा अंश आमच्याकडे जानेवारीच्या पहाटे अंगणातसुद्धा क्वचित येतात! दुसरी ओळ : वेग ताशी चार किलोमीटर. तरुणाने दहा मिनिटं तो वेग राखला आणि नंतर विडी पेटवली. तिसरी ओळ : गोळा खाली सोडा. सोडला. तो धरणात बुडालेल्या कुठल्याशा जुन्या झाडाच्या खोडात जाऊन असा बसला की त्याच्याभोवती आमची होडी घाण्याच्या बैलासारखी फिरायला लागली.

पडद्यावर मात्र मासेच मासे. तरुण वल्हं सोडून वाकून बघत राहिला. शेवटी त्याने मला जो प्रश्न विचारला त्याला टोरांटोकडेही उत्तर नाही.

"काका, टीव्हीत एवढं मासं दिसतात, मंग वर का नाय येत?"

का येत नाहीत, हे मला नंतर कळलं. आपल्या धरणांत जी पिल्लं सोडतात ती बहुतेक कटला, रोहू, मृगळ. कटला वरच्या पाण्यातलं सूक्ष्म खाद्य गाळून खातो, रोहू मधल्या पाण्यात पालापाचोळा, शेवाळ, मृगळ तळाचा चिखल चिवडतो. यांतला एकही दुसऱ्याच्या मागे धावून खाणारा नाही. चमच्यामागे धावायला मासा शिकारी लागतो. सॅमन, ट्राउट किंवा आपल्याकडचा मरळ, महसीर. शाकाहारी पंगतीत मी तासभर कोंबडीची तंगडी फिरवत होतो.

तंगडी म्हटल्यावर मरळाची गोष्ट आली. आमच्या खालच्या पाड्यावर एक म्हातारबा आहेत. त्यांच्याकडे सामान म्हणाल तर एक कळकाची काठी, दोरा आणि गळ. धरणावरून परतताना ते एका डबक्याच्या कडेला उकिडवे बसलेले दिसले. मी शेजारी बसलो. पंधरा मिनिटं काही नाही. मग पाण्यावर एक बुडबुड आवाज. मरळाला नुसत्या पाण्यातल्या हवेवर भागत नाही, मधून मधून वर येऊन श्वास घ्यावा लागतो. म्हातारबांनी तो श्वास कुठे घेतला ते पाहिलं, थांबले, दुसऱ्यांदा कुठे घेतला ते पाहिलं, आणि तो जिकडे निघाला होता त्याच्या वाटेवर बारकी बेडकी लावलेला गळ अलगद टेकवला. तिसरा श्वास मरळाने जमिनीवर घेतला. ना गोळा, ना पडदा. माझ्या सगळ्या यंत्रांना जे दिसलं नाही, ते त्यांना एका बुडबुड्यात दिसलं.

इथवरची गोष्ट हसण्यावारी न्यायची. माझी फजिती झाली, खोडाला एक गोळा मिळाला, कोणाचं काही बिघडलं नाही. खरं भांडण पुढे आहे.

जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला. आमच्याकडे त्या रात्री वलगण लागते. कोणी त्यांना चढणीचे मासे म्हणतात. नदीतला मासा नव्या पाण्याच्या वासाने उलटा निघतो. नदीतून ओढ्यात, ओढ्यातून पाटात, पाटातून भाताच्या खाचरात. शिंगटी, मुरी, मरळ, वाम, सगळे. का चढतात? पोटात गाभोळी असते म्हणून. खाचराचं पाणी उथळ, ऊबदार, किड्यामुंग्यांनी भरलेलं. मोठ्या नदीतले भक्षक तिथे नाहीत. म्हणजे बाळंतपणाला माहेर हे माशालाही कळतं. अंडी घालायची, पिल्लं वाढवायची आणि पाऊस ओसरताना परत नदीत जायचं.

या माहेरवाशिणींच्या वाटेवर त्या रात्री आम्ही उभे होतो. आम्ही म्हणजे मीसुद्धा. डोक्याला भाच्याने दिलेला दिवा, पायांत गमबूट, हातात जाळं. पण मी एकटा नव्हतो. हमरस्त्यावरून गाड्या आल्या होत्या. गाड्यांचे दिवे ओढ्यावर रोखलेले. एकाने ओढ्याच्या तोंडावर या काठापासून त्या काठापर्यंत मच्छरदाणीचं कापड बांधलं होतं, त्यातून मासा सोडा, माशाचा विचारही पलीकडे गेला नसता. दुसरे दोघे इन्व्हर्टरची बॅटरी आणि वायरी घेऊन पाण्यात उतरले. पाण्याला झटका दिला की मोठं, बारकं सगळं उलटं होऊन तरंगतं. कोणी नाचत होते, कोणी मोबाइलवर चित्रण करत होते. मलाही चेव चढला. दीड तासात माझी बादली भरली.

घरी आल्यावर सौ.ने ओट्यावर एक मासा चिरला. मग दुसरा. मग तिसरा. मग सुरी खाली ठेवली.

"सगळ्या गाभण्या आहेत हो," ती म्हणाली.

एवढंच म्हणाली. भांडली असती तर मी उत्तर दिलं असतं. ती बादली त्या रात्री आम्हाला जेवली नाही. रोहूसारख्या मोठ्या माशाच्या पोटात लाखांनी अंडी असतात, बारक्यांच्या पोटात हजारांनी. बँकेतल्या माणसाला हिशेब सुचतो. मी मुद्दल नव्हे, पुढच्या साताठ वर्षांचं व्याज बादलीत घालून आणलं होतं, आणि तेही दुसऱ्याच्या खात्यातलं.

सकाळी म्हातारबांच्या खाचरावर गेलो. बांधाच्या मोरीशी त्यांनी बांबूच्या कामट्यांचा सापळा लावला होता. पण अर्ध्याच मोरीला. उरलेल्या अर्ध्यातून पाणी आणि मासे मजेत वर चालले होते. मी विचारलं, "बाबा, इकडची बाजू उघडीच राहिली."

"राहिली नाय, ठेवलीय," ते म्हणाले. "सगलाच दार लावला, तं पुढल्या साली येल कोन?"

सप्टेंबरात भाच्याने आम्हा दोघांना टोरांटोला नेलं. तिथून पूर्वेला तासाभरावर पोर्ट होप नावाचं गाव आहे. गावातून गॅनरास्का नदी सरोवराला मिळते. नदीवर एक बंधारा आणि बंधाऱ्याच्या कडेला माशांसाठी पायऱ्यांची वाट. शरद ऋतूत सॅमन सरोवरातून नदीत चढतात. तीही चढणच, वलगणच! हातभर लांबीचे मासे बंधाऱ्याच्या पाण्यावर उड्या मारत होते. आणि काठावर माणसंच माणसं. लेकुरवाळी, म्हातारी, शाळेची पोरं. एक उडी साधली की टाळ्या. सौ.ने माझ्याकडे असं बघितलं की मी पायऱ्या मोजायला लागलो.

मी भाच्याला म्हटलं, "अरे, इथे हाताने उचलता येतील. कोणी धरत कसं नाही?"

"मामा, इथे बंदी आहे," तो म्हणाला, आणि गाडीतून एक पुस्तक काढून दिलं. दरवर्षीचे मासेमारीचे नियम. कोणत्या पाण्यात, कोणता मासा, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, दिवसाला किती. परवाना नसेल तर दंड. चढणीच्या नद्यांत अमुक टप्प्यांवर गळच टाकायचा नाही. पुस्तक जाडजूड. शिशाच्या गोळ्याहून मला तेच जड वाटलं.

"हे का नाही आणलंस डिसेंबरात?"

भाचा गप्प बसला. वाचकहो, माझ्या भांडणाचं मूळ हेच आहे. चमचा आला, गोळा आला, पडदा आला, डोक्यावरचा दिवा आला. ज्या नियमांच्या कुंपणात ती हत्यारं शोभत होती, ते कुंपण मात्र तिकडेच राहिलं. वाघ आणला, पिंजरा विसरलो.

आता कोणी म्हणेल, गोऱ्यांचं कौतुक पुरे. मीही तेच म्हणतो. हे शहाणपण त्यांना उपजत नव्हतं. ओंटारिओ सरोवराचा स्वतःचा सॅमन होता, अटलांटिक जातीचा, मुबलक. गिरण्यांनी नद्या अडवल्या, जंगलं तोडली, चढणीच्या वेळी वाट्टेल तसा मारला, आणि १८९८ पर्यंत तो सरोवरातून संपला. पुढे मोठ्या सरोवरांत दुसऱ्याच एका बारक्या माशाची बजबजपुरी माजली, तेव्हा त्याला खायला पॅसिफिककडचा सॅमन आणून सोडला. १९६६ साली मिशिगन सरोवरात सुरुवात झाली आणि पाठोपाठ ओंटारिओत. म्हणजे ज्या उड्यांना मी टाळ्या वाजवल्या ते मासे दत्तक होते. पोटचा गमावला, मग दत्तकासाठी पुस्तक छापलं. आपल्यालाही आधी गमवायचं आणि मग छापायचं असेल तर गोष्ट वेगळी. पण लक्षात ठेवा, रोहू-कटल्याची पिल्लं केंद्रात तयार मिळतात. आमच्या ओढ्यातली मुरी आणि शिंगटी गेली तर ती दत्तक द्यायला कोण बसलंय?

दुसरा कोणी म्हणेल, वलगणीचे मासे पाड्यावरची माणसंही धरतात, पिढ्यान्‌पिढ्या धरतात. त्यांना का नाही सांगत? सांगत नाही, कारण तो अधिकार मला नाही. पावसाच्या तोंडाशी घरातलं धान्य संपत आलेलं असतं. चार दिवसांचं कालवण आणि चुलीवर सुकवलेली मूठभर मासळी ही त्यांची गरज आहे. माझ्या घरी फ्रीज आहे आणि फ्रीजमध्ये पापलेट आहे. पोटासाठी धरणारा आणि मजेसाठी धरणारा यांना एकाच पारड्यात घालणारा तराजू खोटा. माझं भांडण खाणाऱ्याशी नाही, खेळणाऱ्याशी आहे. म्हणजे आधी माझ्याशी.

तिसरा म्हणेल, सरकारने कायदा करावा. अहो, पाण्यात सुरुंग लावून किंवा विष टाकून मासे मारायला आपल्या देशात १८९७ च्या कायद्यानेच बंदी आहे. कायदा सव्वाशे वर्षांचा म्हातारा झाला, पण रात्री दोन वाजता ओढ्याच्या तोंडाशी तो एकटा कसा येणार? समुद्रावर जून-जुलैत यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. कारण तेच, माशाची वीण. बंदरात बोट मोजता येते. खाचराच्या बांधावर गाडीतून उतरणाऱ्याला मोजायला कोणी नसतं. तिथे एकच पहारेकरी उभा राहू शकतो, ज्याला लाज म्हणतात.

ही लाज कायद्याशिवाय काम करते याचा पुरावा रायगड जिल्ह्यात आहे. महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड म्हणून डोह आहे. त्यात महसीर आहेत, ते देवीचे मासे म्हणून कोणी धरत नाही. लोक येतात, चुरमुरे टाकतात, मासे बघतात आणि जातात. ना परवाना, ना पुस्तक. पोर्ट होपला दंडाने जे जमलं ते वाळणला नवसाने जमलं. मला दोन्ही चालेल. पण बॅटरीवाल्यांना देवी भेटेपर्यंत आपण गळवाल्यांनी आपल्यापुरतं काही ठरवायला हरकत नाही.

मी ठरवलेलं सांगतो. पहिल्या मोठ्या पावसानंतर पंधरा दिवस गळ आणि जाळं माळ्यावर. ओढ्याच्या, मोरीच्या तोंडावर आडवं काही बांधायचं नाही. अर्धं दार उघडं. मच्छरदाणी डासांसाठी आणि बॅटरी पंख्यासाठी. पोटाने फुगलेला मासा हाती आला तर ओल्या हाताने धरायचा आणि परत सोडायचा. आणि मरळ जर लालसर पिल्लांच्या घोळक्यावर राखण करत फिरत असेल, तर त्याच्याकडे गळ न्यायचाच नाही. तो बाप आहे की आई हे बघत बसू नका, दोन्ही जण राखण करतात.

मी राहतो त्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ १९५७ साली बोर्डीहून आल्या. मुलं गुरांमागे जातात म्हणून शाळेत येत नाहीत, हे पाहिल्यावर त्यांनी मुलांना दोष दिला नाही. शाळाच कुरणात नेली. कुरणशाळा म्हणतात ती हीच. एवढ्या वर्षांनी त्या शाळेत मीही नाव घातलं आहे, फक्त वर्ग बांधावर भरतो आणि शिक्षक पाटी वापरत नाहीत. मला तिथे आजवर एकच धडा मिळाला आहे : अर्धी मोरी. तो मला अजून पुरता पाठ झालेला नाही, पण परीक्षा दर जूनला असते.

परवा भाच्याचा फोन आला. "मामा, नवा पडदा निघालाय. मासा कोणत्या जातीचा तेसुद्धा कळतं. पाठवू?"

"गाभण आहे की नाही ते कळतं का?"

"नाही."

"मग राहू दे," म्हटलं. "ते तुझ्या मामीला कळतं."